मीराबाई चानूने आधी ११९ किलो उचललं होतं, मग पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ११४ का जमलं नाही?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की यावरून घरात भांडण झालं. भाऊ म्हणतो, "एका किलोने पदक गेलं, जरा नेट लावला असता तर निघालं असतं." त्यावर वहिनी म्हणाल्या, "आधी गॅसची टाकी डोक्यावर धरून दाखवा." मी वहिनींच्या बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते. भरलेली टाकी साधारण ३० किलोची असते. ११४ म्हणजे जवळजवळ चार टाक्या, आणि त्या उचलणारी बाई ४९ किलोची.

मी परभणी जिल्ह्यातली. कॉलेजात असताना ४८ किलो गटात वेटलिफ्टिंग केलं, विद्यापीठाच्या पातळीपर्यंत पोचले, पुढे नाही. आता शाळेत शिकवते आणि संध्याकाळी सात-आठ मुलींना लिफ्टिंग शिकवते. वडील, आमचे अण्णा, मानवतच्या मोंढ्यात म्हणजे धान्याच्या बाजारात हमाल होते. वजनाशी आमच्या घराचं नातं दोन पिढ्यांचं आहे म्हणा. म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधी त्या रात्रीचे आकडे. ७ ऑगस्ट २०२४, महिलांचा ४९ किलो गट. चीनची हौ झिहुई ८९ आणि ११७, एकूण २०६, सुवर्ण. रोमानियाची मिहाएला काम्बेई ९३ आणि ११२, एकूण २०५, रौप्य. थायलंडची सुरोचना खाम्बाओ ८८ आणि ११२, एकूण २००, ब्राँझ. मीराबाई ८८ आणि १११, एकूण १९९, चौथी. पहिला आकडा स्नॅचचा, म्हणजे बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर. दुसरा क्लीन अँड जर्कचा, आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर. दोन्हींना तीन-तीन संधी, आणि दोन्हींतला सगळ्यात चांगला आकडा धरून बेरीज. तुम्ही विचारताय ते ११४ म्हणजे मीराबाईची क्लीन अँड जर्कची शेवटची संधी, ती हुकली.

एका किलोने पदक गेलं म्हणून आपण हळहळलो. पण जरा वरचे दोन आकडे बघा. २०६ आणि २०५. सोनंही एकाच किलोने ठरलं. हौ झिहुईला जिंकायला ११७ च हवं होतं, तिने शेवटच्या संधीत नेमकं तेवढंच उचललं, आणि तो ऑलिम्पिक विक्रम झाला. म्हणजे रोमानियातही कुठल्या तरी घरात तुमच्यासारखंच भांडण झालं असणार.

आता ११९ चं. तो क्लीन अँड जर्कचा विक्रम एप्रिल २०२१ मधला, ताश्कंदच्या आशियाई स्पर्धेतला. तेव्हा तो जागतिक विक्रम होता. पण तुमच्या भावाला हेही सांगा, की त्या दिवशी जागतिक विक्रम करूनही मीराबाईला ब्राँझच मिळालं होतं. कारण स्नॅचमध्ये ८६ च निघाले, बेरीज झाली २०५, आणि चीनच्या दोघी पुढे गेल्या. स्नॅच हा तिचा जुना दुखरा भाग. खांद्याच्या दुखण्यासाठी ती अमेरिकेत सेंट लुईसलाही जाऊन आली होती. तीन महिन्यांनी टोकियोत ८७ आणि ११५ मिळून २०२ ला रौप्य आलं, ते आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलं. आणि तिथून आपण असं धरून चाललो, की २०२ हे तिच्या खिशातच आहे, कधीही काढावं आणि मांडावं.

तसं नसतं हो. ११९ ही एका संध्याकाळची गोष्ट असते. माझ्या एका विद्यार्थिनीने ऐन उन्हाळ्यात ६० किलोचा जर्क मारला, त्यानंतर सहा महिने तिला ५६ च्या पुढे जाता येईना. तीच पोरगी, तोच बार, तीच पत्र्याची शेड.

मीराबाईचं तर कंबरेचं दुखणं होतं. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई खेळांत ती १०८ नंतर ११७ ला दोनदा अडली, कंबर धरून बाहेर आली, तिथेही चौथी. नंतर कित्येक महिने स्पर्धा नाही. एप्रिल २०२४ मध्ये फुकेतला पुन्हा उतरली तेव्हा बेरीज होती १८४. तिथून चार महिन्यांत १९९. मला विचाराल तर पॅरिसचे १९९ टोकियोच्या २०२ पेक्षा भारी होते. हे माझं मत, कोणी मानावं असं नाही.

आणखी एक. त्या दिवशी तिच्या पाळीचा तिसरा दिवस होता. स्पर्धेनंतर तिने स्वतः पत्रकारांना सांगितलं, अंगात अशक्तपणा वाटत होता म्हणाली. तेव्हा काही लोकांनी "आता ही कारणं" असं लिहिलं होतं, ते वाचून माझं डोकं फिरलं. ज्या पोरीने हे मोकळेपणाने सांगितलं तिचे उपकार माना. आमच्या वेळी सरांना हे सांगायची सोय नव्हती. "पोटात दुखतंय" एवढंच म्हणायचं, आणि सर ओवा खायला द्यायचे.

वजनाच्या गटाचा खरा जाच हाच आहे. स्पर्धेच्या दोन तास आधी वजनकाटा सुरू होतो, तासभर चालतो. ४९ चा गट म्हणजे ४९.०० किंवा कमी. काट्यावर ४९.०१ दिसलं तर बाहेर. तास संपेपर्यंत पुन्हा येऊन चढता येतं, म्हणून मुली तेवढ्यात पळतात, थुंकतात, जर्किन घालून घाम काढतात. मी स्वतः एका स्पर्धेला ४८.३ भरले होते. भर उन्हात दोन जर्किन घालून मैदानाला चकरा मारल्या, तोंडात चिंचेची गोळी ठेवून रुमालात थुंकत राहिले. पंचेचाळीस मिनिटांनी ४७.९ भरले. काट्यावरून उतरले आणि पायाखालची फरशी हलतेय असं वाटलं. पुढच्या तासाभरात केळी, ग्लुकोज, मीठ-साखरेचं पाणी असं पोटात ढकललं, तरी गेलेलं पाणी एवढ्यात हाडामासात परत येत नाही.

आणि आठवतंय ना, ७ ऑगस्टच्याच दिवशी सकाळी काय झालं होतं? विनेश फोगाट. कुस्तीचा ५० किलो गट, अंतिम सामना समोर, आणि काट्यावर १०० ग्रॅम जास्त. सकाळी १०० ग्रॅम आणि रात्री एक किलो. आमच्या शेडमधल्या मुली दुसऱ्या दिवशी आल्या त्या तोंडं पाडूनच. एक जण म्हणाली, "मॅडम, आपण ग्रॅमचाच खेळ का खेळतो?" उत्तर काय देणार? काट्यावर चढवलं आणि वजन लिहून घेतलं.

आता तुमच्या भावाच्या "नेट लावण्या"कडे येते, कारण खरी मेख तिथे आहे. लोकांना वाटतं हा जोराचा खेळ आहे. मलाही वाटायचं. मी पहिल्यांदा घरी सांगितलं की मी वजन उचलण्याच्या खेळात नाव घातलंय, तेव्हा अण्णा हसले. त्यांनी जन्मभर क्विंटलची पोती वाहिली, ५० किलोचे कट्टे तर फार नंतर आले. मला वाटलं त्यांना यात काही नवल वाटणार नाही. एकदा ते सरावाला बघायला आले, भिंतीला टेकून बसले, आणि जाताना एवढंच म्हणाले, "मला दोघं जण पोतं देतेत पाठीवर. तुला कोन देतंय गं माय?"

सगळा खेळ या एका वाक्यात आहे. हमाल जमिनीवरून पोतं ओढून पाठीवर घेत नाही. दोघं जण उचलून देतात, तो खाली वाकून पाठ लावतो आणि चालायला लागतो. लिफ्टरला देणारं कोणी नसतं, म्हणून तिला स्वतःच ते द्यावं लागतं. बार मांडीच्या वरपर्यंत ओढायचा, आणि तो वर जात असतानाच आपण त्याच्या खाली शिरायचं. ११४ किलो छातीपर्यंत ओढायची ताकद जगात कुठल्याच ४९ किलोच्या बाईत नाही. बार पोटापर्यंत येतो, आणि बाकीचं अंतर ती खाली बसून भरून काढते. हे सगळं एका सेकंदाच्या आत. त्यात बार दोन बोटं पुढे गेला की गेला, मग कितीही नेट लावा. उलट जास्त नेट लावला की हात लवकर वाकतात आणि बार पुढेच जातो. माझ्या मुलींना मी सगळ्यात जास्त वेळा जे वाक्य ऐकवते ते "ओढू नको, खाली जा."

दुसरी मेख आकड्यांची. टीव्हीवर हे फारसं कोणी समजावत नाही. मोंढ्यात बीट, म्हणजे लिलाव, चालतं तसा हा खेळ आहे. बिटात बोली चढत जाते, उतरत नाही. इथेही बारवरचं वजन स्पर्धाभर चढतच जातं, एकदा वर गेलं की कमी होत नाही. कमी वजन मागणारी आधी येते, जास्त मागणारी नंतर. प्रत्येकीचा प्रशिक्षक आत टेबलावर चिठ्ठी देतो, की माझी पोरगी पुढचं अमुक घेणार. ती चिठ्ठी दोनदा बदलता येते. म्हणजे एकीने ११२ लिहिलं, दुसरीने ते पाहून ११३ केलं, तिसरीने आपली पोरगी दमलीय म्हणून दोन किलो वाढवून श्वास घ्यायला वेळ काढला, असं आत चालू असतं. प्लॅटफॉर्मवर नाव पुकारल्यावर एक मिनिट. लागोपाठ तुमचीच पाळी आली तर दोन मिनिटं. घड्याळ दिसत असतं, आणि ते फार वाईट दिसतं.

पॅरिसला स्नॅचमध्ये मीराबाईने ८५ घेतलं, ८८ ला एकदा चुकली, मग तेच ८८ उचललं. तिथपर्यंत ती आणि थायलंडची खाम्बाओ बरोबरीत. मग क्लीन अँड जर्क. पहिलेच १११ चुकले. इथे पदक गेलं असं माझं म्हणणं आहे, ११४ ला नाही. पहिली संधी गेली की उरलेल्या दोनपैकी एक "खातं उघडण्यात" जाते. रिओ ऑलिम्पिकला २०१६ मध्ये याच मीराबाईच्या तिन्ही क्लीन अँड जर्क फुकट गेल्या होत्या, निकालात तिच्या नावापुढे बेरीजच नव्हती. ते जिला एकदा झालंय, तिच्या डोक्यात दुसऱ्या १११ च्या वेळी काय असेल याचा विचार करा. तिने ते उचललं. बेरीज १९९. मग राहिली एकच संधी.

खाम्बाओची बेरीज २००. बरोबरी केली तरी भागत नाही, कारण आता नियम असा की जी आधी त्या बेरजेला पोचली ती वर. पूर्वी शरीराचं वजन ज्याचं कमी तो वर असायचा. म्हणजे २०१ तरी पाहिजे. हिशेबाने ११३ पुरले असते. लावलं ११४. एक किलो जास्त का, याची कारणं आत टेबलाजवळ उभं राहिल्याशिवाय कळत नाहीत, आणि निकाल लागल्यावर घरी बसून वजाबाकी करणं सोपं असतं. तरी मी त्या रात्री कागदावर थाळ्यांचा हिशेब केलाच, सवयच ती. बायकांचा बार १५ किलोचा, थाळ्या घट्ट धरणाऱ्या दोन कॉलर मिळून ५. उरले ९४, एका बाजूला ४७. म्हणजे लाल २५, निळी २० आणि छोटी निळी २ ची. १११ ला तिथे २ च्या जागी अर्ध्या किलोची पांढरी चकती होती. पदक आणि चौथा नंबर यांच्यातला फरक असा हातात धरून दाखवता येतो. आमच्या शेडमध्ये अर्ध्या किलोच्या चकत्या नाहीत, त्याऐवजी आम्ही लोखंडी वॉशर सुतळीने बांधतो.

उडी किती घ्यायची, या प्रश्नाने मोठमोठ्यांना फसवलंय. सिडनी २०००. बायकांचं वेटलिफ्टिंग ऑलिम्पिकमध्ये आलं तेच मुळी त्या वर्षी. ६९ किलो गटात कर्णम मल्लेश्वरीने ११० आणि १३० उचलून २४० केले. वरच्या दोघी २४२.५ वर. तेव्हा वजन अडीच-अडीच किलोंनी चढायचं. मल्लेश्वरी शेवटी थेट १३७.५ ला गेली, साडेसात किलोंची उडी, सोन्यासाठी. नाही निघालं. ब्राँझ आलं, ऑलिम्पिक पदक मिळवणारी पहिली भारतीय बाई झाली, आपण तिला डोक्यावर घेतलं ते बरोबरच केलं. पण लिफ्टर लोक आजही एकत्र बसले की ते साडेसात किलो निघतातच.

आपल्या सांगलीचा संकेत सरगर घ्या. बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा, २०२२, ५५ किलो गट. एकूण २४८. मलेशियाचा २४९. संकेतचं कोपर क्लीन अँड जर्कमध्ये दुखावलं होतं, तरी तो पुन्हा चढला. एक किलो. म्हणजे तुमच्या भावाला हा एक किलो मीराबाईचाच वाटतोय, पण तो खेळात सगळ्यांच्या मागे लागलेला असतो.

माझाही आहे, सांगूनच टाकते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, ५० चा स्नॅच, ६५ चा जर्क, बेरीज ११५, ब्राँझ पक्कं. वरच्या दोघी ११६ आणि ११९ वर थांबलेल्या. ६७ उचललं तर रौप्य, ७० उचललं तर सोनं. सर म्हणाले ६७. मी म्हणाले ७०. सरांनी माझ्याकडे बघितलं, "खांदा तुझा, चिठ्ठी तुझी" म्हणाले आणि ७० लिहून दिलं. क्लीन झाली, बार खांद्यावर आला. जर्कला बार डोक्याच्या मागे गेला आणि धाडकन पडला. घरी आल्यावर अण्णांना सगळा हिशेब सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "रुपेरी कामून नको होतं?" मला आजही त्याचं उत्तर देता आलेलं नाही. त्या क्षणी रौप्य दिसतच नव्हतं, एवढंच आठवतं.

म्हणून ११३ की ११४ यावर मी मीराबाईला किंवा तिचे प्रशिक्षक विजय शर्मा यांना बोल लावणार नाही. तुमच्या भावाने लावावा, त्याचं काही गेलेलं नाही.

पॅरिसच्या त्या रात्री आमच्याकडे स्पर्धा अकराच्या सुमारास दिसायला लागली. अण्णा जागे होते, त्यांना आता झोप कमीच लागते. ११४ पडल्यावर मी टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी, ८ ऑगस्टला, मीराबाईला तीस वर्षं पूर्ण झाली. लोकांनी लिहिलं, संपली आता.

पुढचं तुम्हाला माहीत असेल किंवा नसेल, कारण ऑलिम्पिक नसलं की आपल्याकडे वेटलिफ्टिंगची बातमी आतल्या पानावर जाते. २०२५ मध्ये गट पुन्हा बदलले, ४९ चा गट गेला आणि ४८ आला. म्हणजे तिला अजून एक किलो अंगातून काढावं लागलं. (२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला सगळ्यात हलका गट ५३ चा आहे, तिथे उलट वजन चढवत बसावं लागणार. या पोरींच्या ताटाकडे बघून नियम करणारं कोणीच नसतं.) ऑक्टोबर २०२५ मध्ये नॉर्वेत फोर्डे इथे जागतिक स्पर्धा झाली. स्नॅचमध्ये ८४, पुढे ८७ ला दोनदा चुकली. मला वाटलं, झालं पुन्हा. मग क्लीन अँड जर्कचे तिन्ही साफ, १०९, ११२, ११५. उत्तर कोरियाची री सोंग गुम २१३ वर फार पुढे होती. मीराबाईची बेरीज किती? १९९. पॅरिसला चौथा नंबर देणारे तेच १९९, इथे रौप्य.

दसऱ्याच्या सुमाराची गोष्ट. त्या वर्षी सप्टेंबरच्या पावसाने आमच्याकडे सोयाबीन उभं कुजलं होतं, मोंढा ओस, सोनं द्यायला कोणी फारसं दारात आलं नव्हतं. मी अण्णांना मोबाईलवर निकाल दाखवला. त्यांनी चष्मा लावून आकडे वाचले आणि विचारलं, "तिसरी कोन? किती मागं ऱ्हायली?"

थायलंडची, म्हटलं, तान्याथोन सुकचारोएन. १९८. एका किलोने मागे.

"पॅरिसला घेतलं ते बी थायलंडचीच की गं?"

हो म्हटलं, पण ती वेगळी होती.

"असू दे की. मंग फिटलं म्हना," अण्णा म्हणाले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि झोपायला गेले.